व्हॅनचे नाक आणि पिवळा दिवा

मित्रांनो, तुमच्या अंगठ्याएवढा माझा जीव आणि मागे शेपटीसारख्या वायरी. गंजून पार तांबडा पडलो आहे. रस्त्यात दिसलो तर जुना बोल्ट समजून तुम्ही मला पायाने उडवाल. पण मी बोल्ट नाही. मी एका जुन्या पांढऱ्या व्हॅनचा ऑक्सिजन सेन्सर आहे. हल्ली शहापुरात, नवसू मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये पत्र्याच्या डब्यात पडून असतो. काम संपून बराच काळ लोटला, तरी त्या गाडीतली एक गोष्ट मला अजून सोडत नाही. लोकांनी ती भुताची म्हणून पसरवली. तुम्ही भिऊ नका. शांतपणे ऐका आणि काय ते तुम्हीच ठरवा.

आधी माझे काम सांगतो. इंजिन हवा आत घेते, पेट्रोल पिते आणि धुराच्या नळीतून श्वास सोडते. त्या नळीत नाक खुपसून मी बसलेला असे. सोडलेल्या श्वासात हवा किती उरली ते हुंगायचे आणि वायरीतून गाडीच्या छोट्या कॉम्प्युटरला कळवायचे. "पेट्रोल कमी पडतंय," म्हटले की तो थोडे वाढवी. "जास्त झालं," म्हटले की आवरते घेई. ओसरीवर बसल्या बसल्या "डाळ खाली लागली गो" असे सांगणारी एखादी म्हातारी असते ना, तसा मी.

माझा जन्म एका दूरच्या कारखान्यात झाला. चिनीमातीसारखी पांढरी, बोटाच्या पेराएवढी नळी घडवून मला भट्टीत भाजले. वर चांदीसारख्या चकाकत्या धातूचा पातळ थर दिला आणि डोक्यावर फटी असलेली लोखंडी टोपी चढवली. थंड असताना मला काही कळत नाही. धगीत बसलो की नाक उघडते. धग हेच माझे जगणे.

दोन हजार सालाच्या आसपास ती व्हॅन भातसानगरला आली. धरणावर नोकरीला असलेले एक साहेब तिचे मालक होते. ते गाडीला इतके जपत, की पाऊस पडून गेला तर चाकांच्या आतला चिखलही काडीने काढत. मग त्यांची बदली झाली आणि व्हॅन मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या एका गावात रत्नदीपकडे आली.

रत्नदीप सकाळी गावातली माणसे मुरबाडला नेई आणि संध्याकाळी परत आणी. घरात आई भीमाबाई, बायको कविता आणि छोटी पल्लवी. बहीण संघरत्ना शहापुरात मावशीकडे राहून आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचे शिकत होती आणि नवसू मेस्त्रींच्या हाताखाली गॅरेजमध्ये काम करत होती. या व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखालीच असते, त्यामुळे वर बसलेल्यांचे सगळे बोलणे मला ऐकू येई. दिसत मात्र काही नसे.

कविता बाजाराला निघाली की बरोबर माझ्या डोक्यावर बसे.

"गाडीला दिवसातनं चारदा पुसता," ती म्हणे. "माझ्याकडं कधी बघितलंय?"

"तू पॅसेंजर बसवतेस का?" रत्नदीप म्हणे.

"बरं. मग आज भाकऱ्या थापायला हिलाच सांगा."

मागची माणसे हसत. त्या दिवसांत इंजिनाचा श्वास इतका स्वच्छ होता, की मला सांगायला फारसे काही नसे. रत्नदीप म्हणायचा, "आवाज ऐका हिचा. मांजर निजलीय असं वाटतं." ते कौतुक इंजिनाचे होते, पण त्यात माझाही वाटा आहे हे मला माहीत होते. तेवढ्यावर मी खूश असे.

मग ते आवणीचे दिवस आले. सगळे गाव गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपे लावत होते. दुपारी माणसे ओरडत आली आणि मागचा दरवाजा धाडकन उघडला. कविताला बांधावर पान लागले होते. आमच्याकडे सापाचे नाव घेत नाहीत, पान लागले म्हणतात.

भीमाबाईंनी सुनेचे डोके मांडीवर घेतले. गाडी निघाली. मुरबाडचा दवाखाना गाठायचा, एवढेच सगळ्यांच्या मनात. त्या दिवशी मी जिवाचे रान करून हुंगत होतो.

"कविता, डोळं मिटू नको गो. माझ्याकडं बघ."

"आये," कविता म्हणाली. जीभ जड झाली होती. "पल्लीला भूक लागली असंल."

"खायला घालतील तिला. तू बोलत राहा."

वाटेत फरशी लागते. फरशी म्हणजे ओढ्यावरचा ठेंगणा पूल. पाणी चढले की तो पाण्याखाली जातो. तिथे रत्नदीपचा पाय क्षणभर थबकला. पाणी फरशीवरून वाहत होते.

"रत्न्या, थांबू नको," भीमाबाई म्हणाल्या.

त्याने गाडी पाण्यात घातली. मी धगीने लाल झालेला होतो. खालून गार पाण्याचा लोंढा आला आणि अंगावर आदळला. माझ्या आत कट् असा बारीकसा आवाज झाला. कोणालाही ऐकू न येणारा. माझी पांढरी नळी तडकली.

मित्रांनो, श्वास ओळखणे हे माझे काम. वर मागच्या सीटवर जो श्वास इतका वेळ ओढल्यासारखा येत होता, तो त्याच क्षणी मला ऐकू येईनासा झाला.

गाडी पलीकडे चढली. रत्नदीप म्हणाला, "आये, हा पिवळा दिवा कसला लागला इथं?"

गाडी बरीच पुढे गेल्यावर भीमाबाई म्हणाल्या, "रत्न्या, आता गाडी सावकाश घे."

घरी कविताच्या नावाने जलदानाचा विधी झाला. त्रिसरण-पंचशील म्हटले, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली. भीमाबाईंच्या घरात लावलेली ज्योत कोणी फुंकत नाही. ती आपली आपण शांत व्हायची. घरातली मेणबत्ती शांत झाली. व्हॅनमधला पिवळा दिवा मात्र गाडी चालू आहे तोवर जळतच राही. आज, उद्या, परवा, पावसाळा संपला तरी.

मुरबाडला एकजण म्हणाला, "वायर तोडतो, दिवा बंद होईल." रत्नदीपने त्याचा हात धरून बाजूला केला.

"ती गेली तवाच लागलाय तो," तो त्या रात्री आईला म्हणाला. "आपन हात नाय लावायचा."

"फुंकाची नसती ज्योत," भीमाबाई म्हणाल्या. त्यांना इंजिनातले काय ठाऊक? त्यांनी आपल्याला जे माहीत होते ते सांगितले.

खरे म्हणजे तो दिवा सांगत होता, की व्हॅनचे नाक गेले आहे. मी तडकलो होतो आणि मला एकच वाक्य बोलता येत होते. कमी पडतंय. कमी पडतंय. श्वासात काहीही असो, माझे तेच. आणि बिचारा कॉम्प्युटर माझ्यावर विश्वास ठेवून पेट्रोल ओततच होता. धूर काळा झाला. गाडीत वास भरू लागला.

"काय रं रत्न्या, गाडीनं विडी धरली का?" मागून कोणी तरी म्हणे. लोक हसत, पण पूर्वीसारखे नाही.

एके संध्याकाळी धोंडी नावाची म्हातारी फरशी ओलांडल्यावर हळूच म्हणाली, "हिच्यात बाई हाय. मागल्या सीटवर कुनी तरी श्वास वढला. मी ऐकला." त्यानंतर माणसे दुसऱ्या गाडीची वाट बघत नाक्यावर उभी राहू लागली. गावातल्या दोघा-तिघांनी घरी येऊन सांगितले, भगताला दाखवा, लिंबू उतरवा.

"आमच्यात भगत नाय आन लिंबू बी नाय," भीमाबाई म्हणाल्या. "बसायचं नसंल तर चालत जावा."

आता विचाराल, धोंडीने काय ऐकले? फरशीवर गाडी हळू होई, आणि माझ्या भेगेतून बाहेरची बारीकशी हवा आत ओढली जाई. तिचा आवाज एवढा होत असेल का? मला नाही वाटत. पण खरे सांगतो, त्या जागी मलाही ते ऐकू येई, आणि मी दर वेळी ऐकत असे.

पल्लवीला तिच्या बाबांनी सांगितले, की आई या दिव्यात आहे. मग रोजचा एक नेमच झाला. दिवेलागणीला भीमाबाई घरात मेणबत्ती लावत आणि बापलेक पत्र्याच्या पडवीत उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये जाऊन बसत. रत्नदीप चावी फिरवी. पल्लवी बोलू लागे.

"आई, आज आजीनं वालाची भाजी केली. मी नाय खाल्ली. तू सांग ना तिला."

"आई, माझा दात हलतोय."

सुरुवातीला इंजिन बंदच असे. पण नुसत्या चावीवर बसून बसून बॅटरी उतरली, आणि सकाळी चार माणसांना गाडी ढकलावी लागली. असे पुन्हा झाल्यावर रत्नदीप इंजिन चालू ठेवून बसू लागला. दिवा जळत राहावा म्हणून. गावात गाड्या आणखीही होत्या, त्यांचेही दिवे लागत. पण दिव्यासाठी इंजिन जाळणारा माणूस तिथे एकच होता.

थंडी आली तसे तो पडवीचे दार ओढून घेऊ लागला. दाराला पत्रा, भिंतींना पत्रा. धूर जायला वाट नाही. मी तळाशी बसून तेच एक वाक्य बोलत होतो आणि माझ्या बोलण्यानेच तो धूर दाट होत होता. पूर्वीचे नाक असते तर मला कळले असते. आता मला धुराचा वासही येत नव्हता.

अशाच एका संध्याकाळी पल्लवीचे बोलणे हळूहळू अडखळू लागले.

"आई, आज शाळेत बाईंनी... बाबा, डोकं दुखतंय."

"जरा पड माझ्या मांडीवर."

"आई बोलते का आता?"

"बोलेल," रत्नदीप म्हणाला. त्याचाही आवाज झोपेतून आल्यासारखा. मग बराच वेळ वरून काही ऐकू आले नाही. तीच ती शांतता. फरशीवर जी मी ऐकली होती.

भीमाबाई जेवायला हाक मारत आल्या. ओ मिळाली नाही. त्यांनी दार ओढले, आणि धूर त्यांच्या तोंडावर आला. शनिवार असल्याने संघरत्ना घरी आलेली होती. तिने आधी हात घालून चावी बंद केली. मग आजीने नातीला आणि बहिणीने भावाला ओढून अंगणात घेतले. पल्लवी बेशुद्ध होती. दोघांना दुसऱ्याच्या जीपने मुरबाडला नेले, तिथे नळी लावून ऑक्सिजन दिला. दोघेही वाचले. माझे नावच ज्याच्यावरून पडले, तो ऑक्सिजन त्या पोरीला बाटलीतून द्यावा लागला हे मला नंतर कळले. फार दिवस मी त्यावर विचार करत होतो.

परत आल्यावर अंगणात, व्हॅनच्या शेजारीच त्यांचे बोलणे झाले.

"दादा, हिचा सेन्सर गेलाय," संघरत्ना म्हणाली. "गाडी आजारी हाय म्हणून तो दिवा लागतो. मी बदलते."

"तू शिकाऊ. मेस्त्रीला नटबोल्टचे पाने देतेस."

"पाने देता देताच शिकतात."

"हात लावू नकोस, संघा. तो विझला तर..."

"मी कविता वहिनीला घालवायला नाय आले. पल्लीला पुन्हा असं ओढून काढायला लागू नये म्हणून आले."

"दुसरीकडं उभी करीन. दार उघडं ठेवीन. पण दिवा राहू दे."

तेव्हा भीमाबाई बोलल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे. "रत्न्या, ज्योत फुंकाची नसती असं मीच बोलले व्हते तुला. पन ज्योतीला पोर खाऊ घाल, असं मी कवा बोलले?"

"मी तिथंच बसनार," शेवटी रत्नदीप म्हणाला. "माझ्या डोळ्यांदेखत काय ते होऊ दे."

पुढच्या रविवारी संघरत्ना नवा सेन्सर घेऊन आली. पोते अंथरून ती व्हॅनखाली सरकली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी तरी माझ्याकडे चेहरा करून बघितले. कपाळावर घाम होता. तिने हे काम स्वतःच्या हाताने कधी केले नव्हते.

माझ्या वायरींमुळे साधा रिंग पाना माझ्यावर चढत नाही. त्यासाठी फट पाडलेला पाना लागतो. तो मेस्त्रींनी तिला दिला होता, पण घाईत तिने आधी हाताला लागलेला उघड्या तोंडाचा पानाच लावला. जोर केला. पाना सटकला, तिची बोटे सोलवटली आणि माझा एक कोपरा गोल झाला. तिने हातोडी उचलली.

"काय झालं?" पायरीवर बसलेल्या भीमाबाईंनी विचारले.

"निघत नाय. आटे गेले तर नळीच बदलायला लागेल. गाडी इथंच बसेल."

"मग हाणतेस कशाला? मेस्त्री काय बोलला व्हता?"

संघरत्नाने हातोडी खाली ठेवली. "थंड लोखंड सोडत नाय. आधी गाडी गरम कर, मग तेल सोड, मग वाट बघ."

"मग बघ की वाट. हट्टी पोराला वढून नेत नसतात गो."

तिने गाडी थोडा वेळ चालू करून बंद केली. माझ्या मुळाशी तेल सोडले. थांबली. फट पाडलेला पाना नीट बसवला आणि दोन्ही हातांनी हळूहळू दाब देऊ लागली. मित्रांनो, मलाही निघायचे नव्हते. एवढी वर्षे जिथे धगीत बसलो, तिथून बाहेर म्हणजे कायमचा गारवा. मी धरून ठेवले होते. तिने दाब सोडला नाही, वाढवलाही नाही. किर्र आवाज झाला आणि मी सुटलो.

नव्या सेन्सरच्या नाकाला तिने हात लावला नाही. आट्यांना तेवढे ग्रीस बोटाने फिरवले आणि सुरुवातीचे वेढे हातानेच बसवले. मेस्त्रींनी सांगितलेले ती ओठांतल्या ओठांत म्हणत होती, भीमाबाई सकाळी पंचशील म्हणत तशी. बॅटरीची तार तिने काढून ठेवली होती.

"तार कशाला काढलीस?" सीटवरून रत्नदीपने विचारले.

"गाडीचा कॉम्प्युटर मागचं विसरतो त्यानं."

"विसरतो?"

"हां, दादा. थोडा वेळ तार काढून ठेवली की विसरतो."

तिने तार परत जोडली आणि मला पोत्यावर ठेवले, उघड्या दारासमोर. तिथून मला वरचे सगळे दिसत होते. स्टिअरिंगवर ठेवलेले रत्नदीपचे हात. शेजारी बसलेली पल्लवी. ज्या दिव्याने या घराला धरून ठेवले, तो मी तोवर कधीच पाहिला नव्हता.

रत्नदीपने चावी फिरवली.

दिवा लागला. पिवळा, बारीक, हरभऱ्याच्या दाण्याएवढा.

"आई," पल्लवी म्हणाली.

रत्नदीपने बहिणीकडे पाहिले. संघरत्ना घाईने म्हणाली, "दादा, तसा तो लागतोच. चावी फिरवली की सगळ्या गाड्यांत लागतो. गाडी चालू झाली की जातो. पहिल्यापासनं असाच..." भीमाबाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला.

तो चावी तशीच धरून बसला. इंजिन चालू केले नाही तर दिवा जळत राहील, हे त्याला कळले होते. अंगणात सगळे थांबून होते. मी तर थांबलेलाच होतो.

मग त्याने चावी पुढे फिरवली. इंजिन चालू झाले. दिवा क्षणभर राहिला आणि गेला. कोणी फुंकला नाही, कोणी तोडला नाही.

"बाबा, गेली?"

"हां."

"का?"

रत्नदीपने हाताच्या मागच्या बाजूने तोंड पुसले. "गाडी चालू झाली ना, म्हणून."

पल्लवीने त्या काळ्या काचेकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "मग चला ना. उगाच कशाला उभी ठेवायची?"

व्हॅन अंगणातून बाहेर पडली. नळीतून सुटलेला श्वास पोत्यावरून, माझ्या अंगावरून गेला. स्वच्छ होता की नाही, मला कळले नाही. पण भीमाबाईंनी पदर नाकाला लावला नाही, यावरून समजलो. संघरत्नाने मला उचलून डब्यात टाकले आणि शहापुरात आणले.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे यंत्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असेल. दिवा लावून, आवाज करून, धूर सोडून. त्याला भुताचे नाव देऊ नका आणि देवाचेही देऊ नका. ते कुठे दुखावले आहे ते खाली वाकून बघा, जाणत्याला विचारा. बंद जागेत गाडी कधीही चालू ठेवू नका. आणि तुमच्यातले कोणी गेले असेल, तर त्याच्यासाठी ज्योत जरूर लावा. त्याच्याशी बोला. फक्त बोलताना दार उघडे ठेवा.